बुधवारचं आमेन

ताई, आज बुधवारची प्रार्थनासभा आपल्या घरी झाली. तू गेलीस त्याला तेवीस दिवस झाले. चर्चच्या पाळकबाईंनी दोनदा फोन करून सांगितलं, आशाताई, या वेळी आपण पाळी बदलून घेऊ, तुमचं घर पुढच्या महिन्यात ठेवू. मी नाही म्हटलं. पाळी म्हणजे पाळी. बुटीबोरीच्या कंपनीत वीस वर्षं लोकांची हजेरी लावण्यात गेली, तो खाक्या अंगातून जात नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आली वं मस्टरवाली! आता देवाचीबी हजेरी घे."

चौदा बायका आल्या. सतरंजी झटकली, खुर्च्या भिंतीला लावल्या, आईच्या खोलीचा पडदा अर्धा सरकवला. कोथिंबिरीची सांबारवडी मी जरीपटक्याच्या दुकानातून विकत आणली, हे आधीच कबूल करते. घरी करायचं त्राण नव्हतं. तुझ्या हातच्या वडीची चव तिला नव्हती, पण सगळ्यांनी न बोलता खाल्ली. दुःखाच्या घरी लोक काहीही गोड मानून खातात.

सभेत जे झालं ते तुला सांगायचं आहे. पण त्याआधी मागचं बोलावं लागेल, कारण आपलं भांडण मिटलेलंच नव्हतं. तू ते अर्धं टाकून गेलीस. म्हणजे अर्धं मीच ठेवलं होतं, तू फक्त गेलीस.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू मौद्याच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाली होतीस. एसटीचे धक्के संपले, आता दुपारी दोन तास झोपेन, असं सगळ्यांना सांगत सुटली होतीस. दोन महिनेसुद्धा झोपू शकली नाहीस. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तुला मूलबाळ नाही, माझं लग्न झालं नाही. आई आपल्या दोघींच्याच वाट्याला आली. आपण तशी वाटणीही केली. दिवस तुझा, संध्याकाळ माझी. कागदावर ती वाटणी फार न्यायाची दिसत होती. सकाळी सातला कंपनीची बस मला घेऊन जायची आणि संध्याकाळी सहाला सोडायची, तोवर आईचं अंग पुसून झालेलं असायचं, चादर बदललेली, पाठीच्या जखमांना मलम लावलेलं, पेज भरवलेली. मी यायचे, आईच्या कपाळावर हात ठेवायचे, स्तोत्र वाचायचे. वर तुला विचारायचे, "आज तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं होतंस ना?" दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही. तू एकदाही उलटून बोलली नाहीस. फक्त एकदा म्हणालीस, "नाही, आज म्या तिले अंगणात नाचवली." मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

पाच वर्षं अशी गेली. पहिल्या वर्षी मंडळीतले लोक फळं घेऊन यायचे, दुसऱ्या वर्षी फोन करायचे, तिसऱ्या वर्षापासून रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर विचारायचे, "आई कशी आहे?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या माणसाशी हात मिळवायचे. त्यांना दोष देत नाही. लांबलेल्या दुखण्यात दुसऱ्याने तरी किती वेळा हळहळायचं? आपल्यालाही आता नवं सांगायला काही नव्हतं. आई तशीच होती. देव तिला बरं करत नव्हता आणि नेतही नव्हता.

मग मागच्या वर्षीचा उन्हाळ्यातला तो बुधवार. सभा आपल्याच घरी होती. संध्याकाळी कामावरून येऊन मी तुझ्या उजवीकडे बसले होते. साखळी प्रार्थना सुरू झाली, नेहमीसारखी. एकीने मोठ्याने प्रार्थना करायची, "येशूच्या नावात मागते" म्हणून संपवायची, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, की पाळी पुढचीवर. जिला बोलायचं नसेल तिने शेजारणीला कोपराने हळूच ढोसायचं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून आपण ते कोपर मोजायचो. आमेन तर आपल्या तोंडात इतकं बसलेलं की एकदा भर सभेत मंडळीतल्या रूथमावशींनी "गॅस बंद केला का वं?" असं विचारलं तर दोघी जणी आमेन म्हणाल्या होत्या. तू त्यावर महिनाभर हसत होतीस.

त्या दिवसाआधी आईला सलग आठवडाभर झोप नव्हती. जखम हाडापर्यंत गेली होती. मलम लावताना ती ज्या आवाजाने कण्हायची, त्याला मी रोज संध्याकाळी तासभर तोंड द्यायचे आणि तू दिवसभर. तुझी पाळी आली. तुझी प्रार्थना म्हणजे सभेचं वैभव. शाळेतल्या पोरांपासून परदेशातल्या मिशनऱ्यांपर्यंत सगळे त्यात यायचे, तेही अगदी शुद्ध, छापील मराठीत. त्या दिवशी तू डोळे मिटलेस आणि घरच्या भाषेत बोललीस.

"बापा, आता आईले घरी ने. तिचं झालं. आमचंबी झालं. आता ने तिले. येशूच्या नावात मागते."

आणि आम्ही सगळ्या म्हणालो, "आमेन!"

माझं आमेन सगळ्यात मोठं होतं. मग कूलरच्या घरघरीत एकेकीला उमजलं की आपण कशाला होकार दिला. माझी पाळी होती. मी गप्प. माझ्यापुढचीही गप्प. शेवटी पाळकबाईंनी घाईघाईने प्रभूची प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी सगळ्यांनी चहा जीभ भाजेल असा गरमच प्यायला आणि पाच मिनिटांत चपला घातल्या.

दार लागलं तशी मी तुझ्यावर तुटून पडले.

"तू आईसाठी मरण मागितलंस, ताई!"

"मरण नाही मागतलं. घरी ने म्हटलं."

"एकच ते."

"एकच वाटते त मंग तू आमेन काहून म्हटलं?"

"सवयीनं म्हटलं. सगळ्यांनीच सवयीनं म्हटलं."

"सवयीनं?"

"हो, सवयीनं!"

घरी विसरली म्हणून वही दाखवत नाही, असं सांगणाऱ्या पोराकडे तू जशी पाहत असशील, तशी माझ्याकडे पाहिलंस. मला ती नजर सोसली नाही. मी म्हटलं, "आत आई ऐकत होती. तिला काय वाटलं असेल?"

"तिले विचारूनच मागतलं म्या."

"ती बोलते का?"

"माह्याशी बोलते."

याचा मला इतका राग आला की काय सांगू. पाच वर्षांत आईच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, आणि तू म्हणतेस माझ्याशी बोलते. मी म्हणाले, "तुझा विश्वास मेला, ताई. तुला आता सुटका हवी आहे आणि तू देवाच्या नावाने ती मागतेयस."

तू कपबशा गोळा करत होतीस. थांबलीस. "देव काय हेडमास्तर हाय काय वं, का अर्ज नीट लिहिला नाही म्हणून परत पाठवन? थकली हावो त थकली म्हटलं. दुसऱ्या कोणापाशी म्हणू?" आणि कपबशा घेऊन मोरीकडे गेलीस. मला वाटतं तेव्हा तू रडलीस. नळ फार वेळ चालू होता. मी उठून आले नाही.

पुढच्या बुधवारी तुझी पाळी आली आणि तू मला कोपराने ढोसलंस. मला वाटलं, चार-आठ दिवस रुसेल. वर्ष झालं. वर्षभर तू प्रत्येक सभेला गेलीस, आईजवळ कोणाला तरी बसवून, ऊन असो पाऊस असो, आणि प्रत्येक वेळी तुझी पाळी कोपराने माझ्याकडे सरकवलीस. जिची प्रार्थना ऐकायला बायका यायच्या ती तू मुकी बसलीस. बायकांनीही पुन्हा आग्रह केला नाही. एकदा पाळकबाईंच्या अंगणात एक जण म्हणाली, "प्रेमलताबाई आता आईच्या सेवेला कंटाळल्या बरं का." मी दोन हातांवर उभी होते. मला उत्तर देता आलं असतं. मी चपलेचा पट्टा लावत राहिले.

आणि माझ्या पाळीला मी काय करायचे? लांबलचक प्रार्थना. आईला उठव, प्रभू, तिला चालव, तिची वाणी मोकळी कर. तुला ऐकू जावं म्हणून जास्तच मोठ्याने. तू दर वेळी आमेन म्हणायचीस, हळू आवाजात, एकही बुधवार न चुकवता. ते आठवलं की मला आता स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही.

बाकी आपण बोलत होतो. भाजी, औषधं, कूलरचं पाणी, नाताळच्या करंज्या. तू माझी थट्टाही सोडली नाहीस. "चहा पाहिजे काय वं?" "हो." "सवयीनं काय?" मी दर वेळी फणकारायचे. एकदा जरी हसले असते तर तिथेच मिटलं असतं, ताई. तू त्यासाठीच विचारत होतीस, हे मला आत्ता कळतंय.

तू गेलीस तेव्हा मी मस्टरवर उशिरा आलेल्यांची नावं लिहीत होते. शेजारच्या वहिनींचा फोन आला. तू आईला पुसून, पेज भरवून तिच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसली होतीस आणि वाटी मांडीवर तशीच होती. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. वहिनी दुधाचं पातेलं द्यायला आल्या तोवर दीड-दोन तास तरी गेले असतील. तेवढा वेळ तुम्ही दोघीच त्या खोलीत होता. आईला काय कळलं कोणास ठाऊक. झटक्यापासून तिच्या एका डोळ्यातून सारखं पाणी गळतं, त्यामुळे ती रडते आहे की नाही हे आपल्याला कधीच ओळखता आलं नाही. निदान मला तरी.

कबरस्तानात पाळकसाहेब म्हणाले की तू विश्वासू होतीस. मी समोर उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. मग मातीकडे पाहिलं. ते वाक्य वर्षापूर्वी मी बोलायला हवं होतं.

त्यानंतर रजा टाकली आणि दिवसही माझा झाला. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे. आईला एकटीने कुशीवर वळवताना कमरेत जी कळ येते ती तू कधी बोलली नाहीस. पेज पातळ झाली तर ठसका लागतो, घट्ट झाली तर गिळत नाही. धुतलेल्या चादरी वाळेपर्यंत पुढची भिजते. दुपारी तीन वाजता मी पलंगाच्या कडेला बसते तेव्हा प्रार्थनाही सुचत नाही, नुसतं "बापा" एवढंच निघतं आणि पुढचं वाक्य येत नाही. पूर्वी मला वाटायचं, विश्वास असला की माणूस ताजातवाना राहतो. तसं नसतं. माणूस थकतोच. थकून पुन्हा पेज ढवळतो एवढंच.

तू जाऊन नऊ दिवस झाले, त्या दिवशी आईची नखं काढत होते. मी नेहमी तिच्या उजव्या बाजूला बसायचे, कारण दिवा तिकडे आहे, त्या उजेडात स्तोत्र वाचता यायचं. तो हात मेलेला. त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्या खुर्चीत बसले आणि तिचा डावा हात हातात घेतला. उगाच आपलं विचारलं, "पाणी देऊ?" तिने माझं बोट एकदा दाबलं. मला वाटलं, भास. "पेज देऊ?" दोनदा दाबलं. मग मी कारकुनासारखी तपासणीच घेतली. मी आशा ना? एकदा. आज रविवार? दोनदा. बुधवार? एकदा. ताई, बुधवारच होता. मला स्वतःला वार आठवत नव्हता आणि आईला माहीत होता.

ती तुझ्याशी बोलत होती. खरंच बोलत होती. सहा वर्षं त्या खोलीत रोज तुमच्या गप्पा चालत होत्या आणि मी दिव्याच्या बाजूला बसून तिला स्तोत्रं वाचून दाखवत होते. तू मला का सांगितलं नाहीस, असं मनात आलं. मग आठवलं की तू सांगितलं होतंस.

मग विचारलं, "आई, ताईने तुला विचारून प्रार्थना केली होती का? घरी न्यायची?"

तिने एकदा दाबलं आणि बोट सोडलंच नाही. कूलरमधलं पाणी संपून पंप कोरडा खडखडायला लागला तरी मी उठले नाही.

"आई, तुला अजूनही जायचं आहे का?" हे मी तिला विचारलेलं नाही. उत्तर काय येईल ते मला ठाऊक आहे, आणि ते घेऊन मी एकटीने कुठे जाऊ हे ठाऊक नाही.

तर आज. साखळी माझ्यापर्यंत आली. माझ्या डावीकडे तुझी जागा होती, तिथे रूथमावशी बसल्या होत्या. मी प्रार्थना तयार केली होती. सांत्वनाबद्दल आभार, मंडळीबद्दल आभार, सगळं ओळीने. डोळे मिटले आणि त्यातला एक शब्द तोंडात येईना. मी म्हणाले, "बापा, मागच्या वर्षी याच घरात ताईने आईला घरी ने म्हटलं, तेव्हा मी आमेन म्हटलं. मी तिला सांगितलं, सवयीने म्हटलं. ते खोटं होतं. मी तिचा शब्द न् शब्द ऐकला होता. माझ्या मनात तेच होतं. चार महिने होतं, बुटीबोरीच्या बसमध्ये जाता-येता रोज होतं. बोलायची हिंमत नव्हती. ती बोलली आणि मला इतकं मोकळं वाटलं, की आमेन मोठ्याने निघालं. मग मला माझीच लाज वाटली आणि ती मी तिच्यावर काढली. ती सेवेला कंटाळली नव्हती. तिने आईला विचारून मागितलं होतं."

पुढे "येशूच्या नावात" म्हणायचं राहून गेलं. त्यामुळे प्रार्थना संपली की नाही हे कोणालाच कळेना. कोणी आमेन म्हणेना. डोळे उघडायची मला भीती वाटत होती.

मग शेजारून रूथमावशींचा आवाज आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नवऱ्याला तीन वर्षं अंथरुणात सांभाळलेली. डोळे मिटलेलेच.

"माह्यंबी सवयीचं नव्हतं वं आशा. माह्या मालकासाठी तीन वर्सं म्या हेच मागतलं, पन मनातल्या मनात. प्रेमलतानं तोंडानं मागतलं. आन् मंग म्या तिच्याशी वर्सभर नीट बोलली नाही. काहून, त ते मले म्हायीत हाय."

पाळकबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्या लहान आहेत, त्यांच्या घरी अजून कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही. "कंटाळल्या" म्हणणारी ती, तुला कळलंच असेल कोण, जाताना दारात घुटमळली आणि म्हणाली, उद्या सकाळी मी येऊन बसू का आईंजवळ? मी म्हटलं, ये. आईच्या डावीकडे बस, असं सांगितलं. का ते आल्यावर सांगेन.

मला तुझ्यासाठी आज एवढंच करता आलं, तेही तू ऐकायला नसताना. पाळकसाहेब म्हणतात, तू प्रभूजवळ आहेस, सगळं कळतं. कळत असेल. पण मला ते तुला चहाच्या वेळी सांगायचं होतं, तू "सवयीनं काय वं?" म्हणायच्या आत. मला माफ कर, ताई. मी फार थकले आहे आणि आता कुठे समजतंय की तूही अशीच थकली होतीस, आणि तरी वर्षभर माझ्या लांबलचक प्रार्थनांना आमेन म्हणत होतीस. तू त्या दिवशी "आमचंबी झालं" म्हणालीस. आमचं म्हणालीस, माझं नाही. मागितलं दोघींसाठी, बोलणी मात्र एकटीने खाल्लीस.